एकशे सत्याहत्तरची जोडी

सोपानतात्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी कंपनीच्या कॅबमध्ये होते आणि कॅब हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये नेहमीसारखी एका जागी उभी होती. फोनवर तात्यांचा मुलगा सागर होता. "वैशालीताई, तात्या गेले," एवढंच म्हणाला. सकाळी गाळ्याचं शटर वर केलं, खुर्ची दारात ओढून बसले, आणि काकू चहा घेऊन आल्या तेव्हा त्यांना हाक ऐकू गेली नाही... हे सगळं मला नंतर कळलं. त्या क्षणी माझ्या डोक्यात जे आलं ते सांगायची आजही लाज वाटते. मला वाटलं, अहो पण आज गुरुवार आहे! मी तर कालच तात्यांना म्हणाले होते की रविवारी येते. जसं काही माणूस माझी सुट्टी बघून जाणार होता. पुढे बसलेली मुलगी मागे वळून "काय झालं गं?" म्हणाली, तेव्हा मला कळलं की मी हे मोठ्याने बोलले होते.

तात्या माझे नात्यातले कुणी नव्हते. ते चिखलीचेच, मूळ गावातले. आम्ही लातूरकडून आलेले. माझे वडील चाकणला कंपनीत, तिन्ही शिफ्ट फिरून करणारे, आणि आम्ही तात्यांच्या गाळ्यावरच्या दोन खोल्यांत भाड्याने राहायचो. चिखलीत तेव्हा शेतं जाऊन बिल्डिंगा उठत होत्या. तात्यांच्या भावकीने प्लॉट पाडले, मोठ्या गाड्या घेतल्या, गळ्यात साखळ्या घातल्या. तात्यांनीही आपल्या वाटणीचं विकलं, नाही असं नाही, पण त्यातून घर आणि गाळा बांधला, आणि फिटरची नोकरी संपल्यावर त्या गाळ्यात टेम्पोचे गिअरबॉक्स उघडून बसले. चुलतभाऊ यायचे आणि चिडवायचे, "सोपाना, आता तरी हात काळं करायचं बंद कर की!" तात्या मान वर न करता म्हणायचे, "तुज्या साखळीला गंज चढला की आण, रॉकेलनं घासून देतो." बोलायला तिखट आणि मनाने मऊ, असं लोक म्हणतात ना, तसे ते अजिबात नव्हते. बोलायलाही मऊच होते. फक्त तोंड वाकडं करून बोलायचे, त्यामुळे नवख्या माणसाला ते रागावलेत असं वाटायचं.

त्यांची माझी खरी ओळख माझ्या के.टी.मुळे झाली. कंप्युटर डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला माझा एक विषय उडाला. माहिती कशी रचून ठेवायची म्हणजे पटकन सापडते, असा तो विषय, आणि त्यात झाडं होती. उलटी झाडं, बुंधा वर आणि फांद्या खाली, आणि प्रत्येक फांदीला आकडे लटकलेले. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. निकाल लागला त्या दिवशी वडील सेकंड शिफ्टच्या घाईत होते. "काय करायलीस कॉलेजात जाऊन?" एवढंच म्हणाले आणि डबा घेऊन बस पकडायला गेले. त्या एका वाक्यापेक्षा त्यांनी दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं, असं वाटून मी जिन्यात बसून रडत होते. खालून तात्या आले, दोन पायऱ्या खाली उभे राहिले आणि म्हणाले, "पोरी, येनारी-जानारी मानसं अडून ऱ्हायल्यात तुज्यापायी. आत येऊन रड."

म्हणून मी गाळ्यात गेले, आणि समोरच्या भिंतीवर माझं पुस्तकातलं झाड टांगलेलं होतं.

दरवाजाएवढी प्लायची फळी, तिच्यावर खिळे, आणि प्रत्येक खिळ्याला एकेक शिम. शिम म्हणजे वॉशरसारखी पातळ पोलादी चकती. गिअरबॉक्समध्ये बेअरिंगच्या बाजूला जी फट राहते ती भरायला ती घालतात. फट जास्त राहिली तर गिअर खडखडतात, कमी राहिली तर जाम होतात. एका मिलिमीटरचे शंभर भाग धरून तात्या ती मोजायचे आणि खिळ्याखाली पिवळ्या रंगाने आकडा लिहायचे. अडुसष्ट, ब्याऐंशी, एकशे नऊ... सगळ्या जुन्या गिअरबॉक्समधून निघालेल्या, धुऊनपुसून ठेवलेल्या. हव्या त्या जाडीची एक शिम नशिबानेच मिळते. तीन घातल्या तर स्प्रिंगसारख्या दबतात. म्हणून तात्यांचा नेम होता, दोन घालायच्या, आणि दोघींची जाडी मिळून बरोब्बर फटीएवढी भरली पाहिजे.

आता त्या खिळ्यांची रचना. सगळ्यात वर मधोमध एक. नवीन शिम आली की तात्या ती हातात धरून वरून खाली विचारत यायचे, अगदी पाहुण्याला वाट दाखवल्यासारखे, "हिच्यापरास पातळ हायस? मग चल डावीकडं. हिच्यापरास जाड? मग उजवीकडं." असं करत करत जिथे रिकामी जागा मिळेल तिथे खिळा ठोकायचा. मी डोळे पुसत विचारलं, "तात्या, सरळ एका ओळीत का नाही लावल्या?" ते म्हणाले, "वळीत मधीच एक आली की पुढच्या समद्यांना उठवून सरकवावं लागतंय, राव. हितं कुणाला उठवायचं न्हाई. येनारी आपली जागा आपन बघती." मुलीलाही ते राव म्हणायचे. आमच्या मॅडमनी तीन तास फळ्यावर लिहून जे माझ्या डोक्यात घालता आलं नव्हतं, ते या माणसाने एका वाक्यात घातलं, आणि वर विचारलं, "ह्याच्यात रडण्यासारखं काय हाय?"

जोडी शोधायची त्यांची रीत मी अजून कधी कधी ऑफिसच्या डेस्कवर बोटांनी करून बघते. खिळे वर-खाली असले तरी तात्यांनी ते असे ठोकले होते की डावीकडून उजवीकडे बघत गेलं की जाडी वाढतच जायची. डाव्या हाताचं बोट सगळ्यात डावीकडच्या खिळ्यावर, म्हणजे पातळातल्या पातळ शिमेवर. उजव्या हाताचं बोट सगळ्यात उजवीकडे, जाडातल्या जाड शिमेवर. दोन्हींची बेरीज करायची. कमी पडली तर डावं बोट एक खिळा पुढे आणायचं, जास्त झाली तर उजवं बोट एक खिळा मागे घ्यायचं. सोडलेल्या खिळ्याकडे परत बघायचं नाही. तात्या हात पसरून भिंतीला चिकटून उभे राहायचे आणि ते दोन हात हळूहळू एकमेकांजवळ येत जायचे... ओठ हलायचे, बेरजा चालायच्या. जमलं की म्हणायचे, "घावली!" बस्स, तेवढ्यात त्यांचा सगळा आनंद.

माझी के.टी. सुटली, हे सांगायला नकोच. मग त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आला, पिवळे आकडे दिसेनासे झाले, आणि फळीचं काम माझ्याकडे आलं. कॉलेजातून आले की पाठीवरची सॅक न काढताच मी फळीपुढे उभी राहायचे. तात्या टेबलाकडून आकडा सांगायचे, मी बोटं चालवायचे, मी ओरडायचे "घावली!" आणि ते म्हणायचे, "मग आण हिकडं." दिवसातून दोन-तीन वेळा. वर आमच्या खोलीत आईला ऐकू जायचं. ती म्हणायची, या दोघांचं काय हरवलेलं असतं रोज, देव जाणे.

एकदा मी घोळ घातला. आमच्या ओळखीचे एक मंडपवाले आहेत, दिलीपभाऊ. त्यांच्या टेम्पोचा गिअरबॉक्स आला होता आणि संध्याकाळी सांगवीला एका साखरपुड्याच्या खुर्च्या पोचवायच्या होत्या. फट निघाली एकशे चौसष्ट. मला परीक्षेचा अभ्यास होता, डोकं ठिकाणावर नव्हतं. बोटं सरसर चालवली, दोन्ही येऊन ब्याऐंशीवर थांबली आणि मी ओरडले, "घावली! ब्याऐंशी आणि ब्याऐंशी!" तात्यांनी दिलीपभाऊंना सांगितलं, सहाला गाडी घेऊन जा. मग ते शिम घ्यायला आले. एक काढली, दुसरीसाठी खिळा चाचपला... खिळा रिकामा. अहो, ब्याऐंशीची शिम एकच होती! माझी दोन्ही बोटं एकाच खिळ्यावर होती आणि मी तीच दोनदा मोजली होती. साखरपुड्याच्या खुर्च्या दुसऱ्याच्या टेम्पोने गेल्या. दिलीपभाऊ गाळ्यात उभे राहून तात्यांना नाही नाही ते बोलले, आणि तात्या खाली मान घालून म्हणाले, "माजंच चुकलं भाऊ. डोळं दगा देत्यात." मी तिथेच होते. चूक माझी आहे, हे मी सांगितलं नाही. दिलीपभाऊ गेल्यावर तात्यांनी मला फळीपुढे उभं केलं, माझी दोन्ही बोटं धरून ब्याऐंशीवर टेकवली आणि म्हणाले, "हितं आली की थांबायचं. एकच शिम दोन जागी बसत न्हाई. जोडी न्हाई म्हनून सांगायचं, आन् दुसरा दिस बघायचा." रागावले नाहीत. रागावले असते तर मी विसरून गेले असते.

पुढे डिग्री झाली आणि हिंजवडीतल्या एका कंपनीत इंटरव्ह्यूला गेले. समोरच्या माणसाने बोर्डावर आकड्यांचं झाड काढलं आणि विचारलं, यातल्या कोणत्या दोन आकड्यांची बेरीज इतकी होते, कसं शोधाल? खोटं वाटेल, पण मला हसू फुटलं. मी मार्कर खाली ठेवला, दोन्ही हात पसरून त्या बोर्डाला चिकटून उभी राहिले आणि बोटं चालवायला लागले. तो माणूस बघतच राहिला. मग त्याने खोड काढली, "आणि दोन्ही बोटं एकाच ठिकाणी आली तर?" मी म्हटलं, "सर, एकच शिम दोन जागी बसत नाही." शिम म्हणजे काय, हे त्याला समजावण्यात उरलेला वेळ गेला. नोकरी लागली. पेढे घेऊन मी आधी गाळ्यात गेले, मग वर घरी, यावरून आईने दोन दिवस तोंड फुगवलं होतं. तात्यांना सगळं सांगितलं तर पेढा हातातच धरून विचारात पडले. म्हणाले, "म्हंजी आमचं झाड कंप्युटरला ठावं हाय?" मी म्हटलं, हो. "त्येला कुनी सांगितलं?" मी म्हटलं, "तात्या, लोकांनी आधीच शोधून ठेवलंय ते." त्यावर जरा नाराज झाले. मग म्हणाले, "असंल. आमी बी आमचं आमीच शोधलंय."

नोकरी, मग लग्न, मग वाकडचा फ्लॅट. वडील रिटायर झाले आणि आई-वडील माझ्या जवळच राहायला आले. चिखलीला जायला कारण उरलं नाही. कारण काढून जायचं मी कमी कमी करत गेले, खरं तेच लिहिते. आधी दर रविवारी, मग महिन्यातून एकदा, मग दसऱ्याला सोनं द्यायला. एकदा मी मोठ्या उत्साहाने म्हटलं, "तात्या, सगळे आकडे मोबाइलमध्ये घालून देते. फट किती ते टाकलं की जोडी आपोआप येईल." ते म्हणाले, "नगं." का, तर म्हणे, "फोनकडं बघून घावली असं वरडलं तर लोक येडा म्हनत्याल." मी हसले आणि विषय सोडून दिला. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. त्या दिवशी मात्र मी रजा काढून दवाखान्यात होते. पट्टी सुटल्यावर माझ्याकडे बघून म्हणाले, "वाळलीस गं. जेवत न्हाईस व्हय?"

तर ते जायच्या आदल्या दिवशीचा, तो बुधवारचा फोन. मी मीटिंगमधून बाहेर येऊन घेतला. "वैशे, दिलीपचा बॉक्स खोललाय. एकशे सत्याहत्तरची जोडी घावंना गं. येतीस का जरा?" मी म्हटलं, फळीचा फोटो पाठवा, मी इथून सांगते. "फोटूत न्हाई कळायचं." तेव्हा मी वैतागले. आत पाच माणसं माझी वाट बघत होती. मी म्हटलं, "तात्या, ऑपरेशन झालंय ना तुमचं? आकडे दिसतात की आता!" ते म्हणाले, "दिसत्यात. पन घावंना." मी म्हटलं, बरं, रविवारी येते. "ये की," म्हणाले, "काकूला थालपीठ लावाया सांगतो." फोन मी ठेवला. त्यांनी ठेवायच्या आधी मी ठेवला.

महिना उलटून गेल्यावर परवा रविवारी चिखलीला गेले. सागर गाळा भाड्याने देणार आहे. त्याचंही बरोबर आहे, त्याला गिअरबॉक्समधलं काही येत नाही. त्याने मला बोलावलं होतं ते फळी घेऊन जातेस का विचारायला. गाळ्यात दिलीपभाऊ बसले होते. त्यांचा गिअरबॉक्स टेबलावर तसाच उघडा, वर फडकं झाकलेला. केस पांढरे झालेत त्यांचे. म्हणाले, "ताई, मोशीचा मिस्त्री बॉक्स बंद करून देतो म्हनला, फक्त जोडी पायजे. म्हटलं, फळीवरनं निघाली तर तात्यांच्याच हातची जाऊ दे आत." टेबलावर खडूने एकशे सत्याहत्तर लिहिलेलं होतं, तात्यांचा तो पाय ओढत चालणारा सात. मी पर्स काढून ठेवली आणि फळीपुढे उभी राहिले. हात पसरले. फळी आहे तेवढीच आहे, पण मला पूर्वीपेक्षा लहान वाटली. मधेमधे काही खिळे रिकामे होते, ते नेहमीच असतात. शिम वापरली गेली की खिळा तसाच राहतो, त्या जाडीची दुसरी येईपर्यंत. रिकामे सोडत मी बोटं चालवली. कमी, डावं पुढे. जास्त, उजवं मागे. कमी... जास्त... आणि दोन्ही बोटं येऊन एकाच खिळ्यावर टेकली.

जोडी नव्हतीच. तात्या खरं बोलत होते आणि मी त्या माणसावर वैतागले होते. मी तशीच घराच्या मागच्या दारी गेले. काकू भांडी लावत होत्या. मी म्हटलं, "काकू, जोडी खरंच नव्हती हो. मी उगीच बोलले त्यांना." काकूंनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी भलतंच बोलले. "जोडी? आगं, ती तर मंगळवारीच घावली व्हती त्यास्नी!" आत जाऊन त्यांनी देवापाशी ठेवलेली तात्यांची चष्म्याची डबी आणली. डबीत चष्मा, आणि चष्म्याखाली तेलकट कागदाची पुडी. पुडीत दोन शिमा, एकीला एक चिकटलेल्या. काकू म्हणाल्या, "मी म्हनलं, घावली तर बसवून मोकळं व्हा. तर म्हनले, ऱ्हाऊ दे. वैशी यायची आसंल तवा परत खिळ्याला लावतो. तिला घावू दे."

काकूंनी माझ्या तोंडावरून हात फिरवला.

पुडी मुठीत धरून मी गाळ्यात परत आले. अडुसष्टचा खिळा रिकामा होता आणि एकशे नऊचा रिकामा होता. मघाशी या दोन्ही खिळ्यांवरून माझी बोटं पुढे निघून गेली होती. कागद काढून शिमा पुसल्या आणि दोघींना आपापल्या खिळ्यांवर टांगलं, त्यांनी टांगल्या असत्या तशा. मग मागे आले, पुन्हा पहिल्यापासून हात पसरले आणि सावकाश, एकेक खिळा घेत, एकेक बेरीज ओठांत म्हणत बोटं आणायला लागले. फळीला ऑइलचा तोच वास येत होता. डावं बोट अडुसष्टवर आलं. उजवं एकशे नऊवर आलं. बोटाखाली पोलाद गार लागत होतं, आणि शब्द अगदी जिभेवर आला होता. तो उच्चारला की टेबलाकडून काय यायला पाहिजे, ते मला माहीत होतं...

"ताई, घावली का?" दारातून दिलीपभाऊंनी विचारलं.

"न्हाई अजून," मी बोटं तशीच ठेवून म्हटलं. "थांबा जरा."